दही घरचे, पिशवी कुणाची?

‘घरी दही लावले तर प्लॅस्टिक वाचते का हो?’ असे लालबागला राहणाऱ्या माझ्या मावशींनी परवा विचारले. हा प्रश्न गावोगावच्या गृहिणींनाही पडत असेल, म्हणून आज त्याचाच विचार करू.

विकतच्या दह्याबरोबर प्लॅस्टिकचा डबा आणि झाकण घरात येते. घरी विरजण लावले की ते वाचते, पण दुधाची पिशवी उरतेच. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साधारण तीन ग्रॅमची. डबा तिच्याहून बराच जड. म्हणजे फायदा आहे, पण पिशवीची जबाबदारी आपल्याकडे राहते.

पूर्वी मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळे. गिरगाव, दादर, परळची मंडळी केंद्रावर रिकामी बाटली देऊन भरलेली घेत. बाटली धुऊन पुन्हा वापरात येई. पुढे पिशवी आली. ती हलकी आणि सोयीची, पण एकदाच वापरायची.

आरोग्याशी याचा संबंध काय? फेकलेल्या पिशव्यांनी गटारे तुंबतात, त्या गुरांच्या पोटात जातात. कचऱ्यात जळल्या तर घातक धूर होतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा मुंबईकरांना त्या धुराचा त्रास झाला. आपल्या गल्लीत कचरा पेटवतात तो धूरही लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना तितकाच वाईट.

म्हणून पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. तो इवलासा तुकडा कुणीच वेचत नाही. पिशवी धुऊन, वाळवून साठवावी व भंगारवाल्याला द्यावी. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा दुधाची पिशवी परत केल्यास किमान ५० पैसे देण्याची तरतूद झाली होती. आपल्या दूधवाल्याकडे जरूर चौकशी करावी.

आता दह्याकडे वळू. दूध उकळून बोटाला सोसेल इतके कोमट होऊ द्यावे. अर्ध्या लिटरला लहान चमचाभर विरजण पुरते. भांडे स्टीलचे, चिनी मातीचे किंवा मातीचे असावे. विकतच्या दह्याच्या रिकाम्या डब्यात गरम दूध ओतू नये. विरजण संपले तर नवा डबा आणण्याऐवजी शेजारी वाटी पाठवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गुरांचा चारा, पाणी, वाहतूक हे सारे मोजले तर दुधाचा निसर्गावरचा भार पिशवीपेक्षा कितीतरी मोठा असतो. पिशवी जपली आणि वाडगाभर दही मोरीत ओतले, तर हिशेब तोट्यातच गेला. म्हणून दही लागेल तेवढेच लावावे. आंबट झाले तर ताक किंवा कढी करावी. बुरशी दिसली तर मात्र वरचा थर काढून खाऊ नये. ते सगळेच टाकावे.