जळालेल्या मोटरीचा पंचनामा

सकाळी 8. दुकान उघडायच्या आधीच पायरीवर मोटर येऊन पडलेली असते. मार्च महिना, तासगावचा द्राक्षपट्टा आणि शेतीची वीज पाळीनं. रात्रीची पाळी असली की सकाळी आमचं गिऱ्हाईक ठरलेलं. आज तात्यांची 5 एचपीची मोनोब्लॉक आहे. "कवा मिळंल?" हा पहिला प्रश्न. "कशानं जळाली?" असं मात्र कोणी विचारत नाही.

आयटीआय करून आमच्याकडं शिकायला आलेल्या पोरानं पाना उचलला. त्याला म्हटलं, आधी फॅन हातानं फिरव. फिरला नाही तर बेअरिंग धरलंय. मोकळा फिरला तर बेअरिंग हलतंय का बघ, कारण बेअरिंग झिजलं की रोटर स्टेटरला घासतो आणि वाइंडिंगचा त्यात काही दोष नसतो. ही मोकळी फिरली, खडखडही नाही. मग मेगर लावला. काटा शून्यावर, म्हणजे वाइंडिंग बॉडीला लागलंय.

9 वाजता कव्हर उघडलं. दिवसातलं खरं शिक्षण ह्याच अर्ध्या तासाचं. पोरं घाईनं छिन्नी लावायला बघतात, म्हणून मी ती माझ्या हाताखाली ठेवतो.

"काय दिसतंय?"

"काळं झालंय, दादा."

"सगळं?"

तो वाकून मोजायला लागला. 24 स्लॉट, त्यातले 8 कोळसा, 16 मधली तार तांबूस आणि धड. मोटर डेल्टामध्ये जोडलेली. तीनपैकी एक फेज गेली, तरी चालती मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर हुंकारत ओढत राहते. डेल्टात त्या वेळी एक वाइंडिंग थेट दोन जिवंत तारांमध्ये सापडतं आणि बाकीची दोन एकामागं एक जोडल्यासारखी होतात. थेट सापडलेल्याच्या वाट्याला जवळपास दुप्पट करंट येतो, म्हणून तेवढंच जळतं. हीच मोटर स्टारमध्ये असती तर दोन फेज काळ्या आणि एक कोरी दिसली असती. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर दोष जास्तीच्या लोडचा, पडलेल्या व्होल्टेजचा किंवा अडकलेल्या रोटरचा. एकच कॉइल जळाली असेल तर टर्न आपसांत शॉर्ट झालेत. आयटीआयच्या पुस्तकात आकृती असते, पण जळका वास नाकात गेल्याशिवाय ती डोक्यात बसत नाही, असं माझं मत.

10 ते 1 नुसती मजुरी. कॉइलची एका बाजूची डोकी कापायची, स्टेटर तापवायचा, दुसऱ्या बाजूनं तार उपसायची. पोरानं विचारलं, गॅसची बत्ती मोठी केली तर लवकर नाही का निघणार? निघेल की. पण स्टेटर म्हणजे पातळ पत्र्यांची चळत, आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर असतो. तो जळाला की पुढं मोटर रिकामीसुद्धा गरम होते आणि मग सगळे तांब्याला शिव्या घालतात. तार काढताना वहीत टर्न, पिच आणि मायक्रोमीटरनं मोजलेली जाडी लिहून घेतली. ती वही आमच्या दुकानात गल्ल्यापेक्षा जास्त सांभाळतात.

दुपारी नवीन इन्सुलेशन पेपर घालून फॉर्म्यावर गुंडाळलेल्या कॉइल भरल्या. 4 वाजता काम थांबवून पोराला मागं बसवलं आणि तात्यांच्या विहिरीवर गेलो. ह्या फेरीचे पैसे कोणी देत नाही, तरी मी जातो. नाहीतर तीच मोटर महिन्यात परत पायरीवर येते.

स्टार्टर उघडला. मधल्या फेजचा कॉन्टॅक्ट खाऊन गेलेला, टर्मिनल सैल. ओव्हरलोड रिलेचा डायल 12 अँपिअरवर; मोटरीच्या पाटीवर साडेसात. "सारखी बंद पडायची म्हणून वाढवला," तात्या म्हणाले. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर होता, पण त्याच्या दोन तारा एकत्र पिळून त्याला बाजूला काढलेलं.

"तात्या, ही बंद पडत होती म्हणूनच जगली होती," मी म्हटलं. ते हसले, पटलं असं नाही.

साडेसहाला परत दुकानात. तात्यांच्या मोटरीचं वार्निश आणि भट्टी अजून व्हायचीय, ती उद्या. कालची दुसरी मोटर मात्र पोरानं चालवून बघितली. टाँग टेस्टर तिन्ही तारांवर धरला, आकडे जवळजवळ सारखे आले, टॅकोमीटरवर 2980. "पाटीवर 2880 हाय की," तो म्हणाला. रिकामी आहे म्हणून. पाण्याचा लोड आला की उतरेल.

7 वाजता तात्यांचा फोन. नवीन प्रिव्हेंटर बसवा, कॉन्टॅक्ट बदला, रिले साडेसातवर आणा, सगळं कबूल. "पण ऑटो काढू नगा." ऑटो म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच. त्यांचं बरोबर आहे. वीज रात्री दोनला येते, विहीर घरापासून लांब आणि वाटेत साप. तिन्ही फेज आल्याशिवाय ऑटोनं मोटर उचलू नये अशी जोडणी करायची. ती उद्या पोरगा करेल, मी बाजूला उभा राहीन.