सीईटीतलं इंग्रजी: शब्दांच्या याद्या पाठ करूनही मार्क का जातात?

बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारख्या अभ्यासक्रमांसाठी महाराष्ट्रात घेतल्या जाणाऱ्या सीईटीत 100 प्रश्न असतात आणि त्यासाठी 90 मिनिटं मिळतात. या 100 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे असतात. तर्कक्षमता आणि गणिती विचारावर 30, सामान्य ज्ञानावर 15 आणि संगणकाच्या प्राथमिक माहितीवर 15. म्हणजे या परीक्षेतला सगळ्यात मोठा विषय इंग्रजी आहे.

मराठी माध्यमात शिकलेल्या अनेक मुलांना याच भागाची धास्ती असते. मग बाजारातून '1000 महत्त्वाचे शब्द' छापाचं पुस्तक येतं, यादी पाठ होते, आणि सराव परीक्षेत मार्क मात्र तिथेच राहतात. असं का होतं? आणि हातात दोन-तीन महिने असतील तर सराव कसा करायचा?

इंग्रजीचं महत्त्व अचानक का वाढलं?

2024 पर्यंत या अभ्यासक्रमांना बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. त्या वर्षी हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी पहिल्यांदाच प्रवेश परीक्षा घेतली. अनेकांपर्यंत ही बातमी वेळेत पोचली नाही, त्यामुळे त्या वर्षी आणखी एक सीईटी घ्यावी लागली.

केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी 2022 पासून सीयूईटी ही देशपातळीवरची परीक्षा आहे. तिथे 13 भाषांमधून भाषा विषय निवडता येतो. त्यात मराठीही आहे, पण अनेक अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थी इंग्रजीचाच पेपर निवडतात.

बारावीत 80 मार्क, मग सीईटीत अडचण का?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे बारावीच्या मुलाच्या गाठीशी 12 वर्षांचं इंग्रजी असतं. तरी अडचण येते, कारण दोन्ही परीक्षा वेगळ्या गोष्टी तपासतात.

बारावीच्या कृतिपत्रिकेत बराचसा भाग ओळखीच्या धड्यांवर असतो. व्याकरणाच्या प्रश्नात काय करायचं तेही सांगितलेलं असतं: वाक्य पॅसिव्ह करा, 'नो सूनर' वापरून लिहा. सीईटीत कोणी सूचना देत नाही. समोर एक वाक्य असतं आणि त्यात चूक कुठे आहे, हे स्वतः ओळखायचं असतं. वेळेचा हिशोब केला, तर एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंद मिळतात. एवढ्या वेळात नियम आठवत बसता येत नाही. मग विद्यार्थी 'कानाला काय बरोबर वाटतं' यावर उत्तर देतो. आणि कान मराठीवर तयार झालेला असतो.

चुका ठरलेल्या जागीच होतात

मराठी माध्यमातल्या मुलांच्या चुका विखुरलेल्या नसतात. जिथे मराठीची आणि इंग्रजीची वाट वेगळी होते, नेमक्या त्या वळणावर त्या होतात. ही वळणं फार नाहीत.

पहिलं वळण क्रियापदाचं. मराठीत 'रमेशने आंबा खाल्ला' पण 'रमेशने पोळी खाल्ली'. खाणारा तोच, पण क्रियापद कर्माप्रमाणे बदललं. इंग्रजीत क्रियापद नेहमी कर्त्याकडे बघतं, मध्ये कितीही शब्द येवोत. म्हणून 'द बॉक्स ऑफ मँगोज आर ऑन द टेबल' हे वाक्य चूक आहे. आंबे अनेक असले तरी कर्ता 'बॉक्स' आहे, म्हणून 'इज' हवं. 'वन ऑफ द स्टुडंट्स'नंतर 'हॅज' येतं, तेही याच कारणाने.

दुसरं वळण काळाचं. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' या वाक्यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. ते जसंच्या तसं नेलं, की 'आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' तयार होतं. यात दोन चुका आहेत. भूतकाळात सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. आणि कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर', सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर 'सिन्स': 'फॉर फाइव्ह इयर्स', पण 'सिन्स 2020'. मराठीतलं 'पासून' ही दोन्ही कामं एकटंच करतं, म्हणून गोंधळ होतो.

तिसरं वळण विभक्तीचं. आपण 'परीक्षेविषयी चर्चा' करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो. इंग्रजीत 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही. आपण 'तिच्याशी लग्न' करतो, म्हणून 'मॅरीड विथ हर'. बरोबर रूप 'मॅरीड हर'. आपण 'राजूपेक्षा सीनियर' असतो, म्हणून 'सीनियर दॅन'. बरोबर रूप 'सीनियर टू'. 'ज्युनियर', 'सुपीरियर' यांनाही 'टू' लागतं.

चौथं वळण वचनाचं. मराठीत 'केस पांढरे झाले' हे अनेकवचन आहे. इंग्रजीत डोक्यावरच्या केसांना मिळून 'हेअर' आणि 'इज'. आपण चार 'सल्ले' देतो, इंग्रजीत 'अ‍ॅडव्हाइस'चं अनेकवचन होत नाही. 'फर्निचर' आणि 'इन्फर्मेशन'लाही 's' लागत नाही, म्हणजे शेवटी 'एस' जोडायचा नाही.

'अ' की 'अ‍ॅन'? इथे देवनागरी मदतीला येते

मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे 'अ', 'अ‍ॅन', 'द' हा भाग अवघड वाटतो. पण 'अ' आणि 'अ‍ॅन'मधली निवड मराठी मुलांसाठी उलट सोपी आहे. ही निवड स्पेलिंगवर नाही, उच्चारावर होते, आणि देवनागरी उच्चारानुसार लिहिली जाते.

पुढचा शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहायचा. सुरुवात स्वराने झाली तर 'अ‍ॅन', व्यंजनाने झाली तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी'त सुरुवातीला 'यु', म्हणजे व्यंजन, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. तास या अर्थाचा 'अवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'अ‍ॅन अवर', स्पेलिंगमध्ये 'एच' असला तरी. तसंच 'अ‍ॅन ऑनेस्ट मॅन', 'अ‍ॅन एफआयआर', पण 'अ युरोपियन'. एक अपवाद लक्षात ठेवायचा: वर्ष या अर्थाचा शब्द मराठीत आपण 'इयर' लिहितो, पण त्याचा मूळ उच्चार 'य'ने सुरू होतो, म्हणून 'अ इयर'.

हीच देवनागरी स्पेलिंगच्या प्रश्नात मात्र फसवते. 'स्टेशनरी' हे दोन वेगळे शब्द आहेत. शेवटी 'एआरवाय' असेल तर अर्थ स्थिर, 'ईआरवाय' असेल तर वह्या-पेनं. 'प्रिन्सिपल'चंही तसंच: 'पीएएल' म्हणजे मुख्याध्यापक किंवा मुख्य, 'पीएलई' म्हणजे तत्त्व. अशा जोड्या रोमन लिपीत हाताने लिहूनच पक्क्या होतात.

शब्द एकटा पाठ करू नये

यादीतली अडचण अशी, की तिथे शब्द एकटा असतो आणि परीक्षेत तो वाक्यात येतो. आपण परीक्षा 'देतो', इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. आपण चूक 'करतो', पण इंग्रजीत 'डू अ मिस्टेक' चालत नाही, 'मेक अ मिस्टेक' लागतं. म्हणून नवा शब्द वहीत उतरवताना त्याच्या शेजारी येणारा शब्दही उतरवावा आणि खाली स्वतःचं एक वाक्य लिहावं.

अनोळखी शब्दासाठी उपसर्गांचा उपयोग होतो. सुगंध-दुर्गंध, सुदैव-दुर्दैव या जोड्या मराठीच्या तासाला सगळ्यांनी केलेल्या असतात. इंग्रजीत 'बेने' म्हणजे चांगलं आणि 'मॅल' म्हणजे वाईट. एवढं माहीत असेल तर 'बेनेव्होलंट' आणि 'मॅलेव्होलंट' पहिल्यांदा दिसले तरी चारपैकी दोन पर्याय लगेच बाद करता येतात.

पुन्हा वाचायचं की स्वतःला विचारायचं?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटं झालं: आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं.

याचा सरळ अर्थ असा, की यादीवरून पाचव्यांदा नजर फिरवल्यावर 'येतंय' असं वाटतं, पण ते टिकत नाही. अर्थ झाकून आठवायचा, मग ताडून बघायचा. आलेला शब्द तीन दिवसांनी, मग आठवड्याने विचारायचा. न आलेला दुसऱ्याच दिवशी.

व्याकरणासाठी सगळ्यात उपयोगी पडते ती चुकांची वही. प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकलेलं वाक्य, बरोबर वाक्य आणि 'मराठीमुळे काय वाटलं' अशा तीन ओळी लिहायच्या. चार-पाच परीक्षांनंतर बहुतेक चुका दोन-तीन प्रकारांतच मोडतात, हे दिसू लागतं. मग सगळं व्याकरण पुन्हा करावं लागत नाही, तेवढेच प्रकार करायचे.

परीक्षेच्या दिवशी

बीबीए-बीसीए सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. सीयूईटीत 50 प्रश्नांना 60 मिनिटं असतात, बरोबर उत्तराला 5 मार्क मिळतात आणि चुकल्यास 1 मार्क जातो. तिथे निदान दोन पर्याय बाद करून मगच अंदाज लावावा. उताऱ्याचे प्रश्न वेळ खातात, त्यामुळे चूक ओळखा आणि समानार्थी शब्दांचे प्रश्न आधी उरकलेले बरे. परीक्षेचं स्वरूप बदलू शकतं, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची माहिती पुस्तिका जरूर वाचावी.

दोन-तीन महिन्यांत कोणी फाडफाड इंग्रजी बोलू लागणार नाही, आणि ही परीक्षा ते मागतही नाही. ती मागते ते वाक्यातली चूक ओळखणं. जिला मराठी नीट येते, तिला ही चूक कुठून येते हे सांगता येतं. त्यामुळे मराठी माध्यमात शिकल्याची लाज बाळगण्यापेक्षा, आपल्या मराठीकडे जरा बारकाईने बघणं जास्त मार्क मिळवून देईल.