आवाराबाहेर
परमुलखातले प्रचारक : भाग सहावा

मागच्या भागात आपण अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉलला नाशिकच्या वाटेवर सोडलं होतं. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी तो आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले. कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम काढला, तेव्हा दोघं गुपचूप सिलोनच्या दिशेने निसटले. कोचीनला त्यांना अडवून पुन्हा मुंबईत आणलं गेलं आणि गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जांवर अर्ज गेल्यावर अखेर राहू दिलं गेलं. मार्च १८२६मध्ये नाशिकची फेरी करून परतताना पटकीने हॉलचा वाटेतच अंत झाला. तेव्हा त्याचं वय ४१ होतं.

ही हकिगत सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात ठसतं ते जहाज. मिशनच्या जुन्या चरित्रांतही तसंच आहे. कुठे जायचं हे ठाऊक नसताना घर सोडून निघालेल्या अब्राहामाचा दाखला प्रवचनांतून दिला जातो आणि श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे शीड उभारलेलं गलबत येतं. मला मात्र मुंबईच्या या मिशनचे कागद वाचताना वाटत गेलं, की समुद्र ओलांडणं हा त्यातला सोपा भाग होता. तो एकदाच ओलांडायचा असतो आणि निघताना निरोप द्यायला गाव जमतं. अवघड होतं ते मिशनच्या आवाराचं फाटक ओलांडणं. ते रोज ओलांडायचं आणि तिथे निरोप द्यायला कुणी नसतं.

हे फाटक आलं कुठून? हॉलला पाठवणारं अमेरिकन बोर्ड १८१० साली स्थापन झालं. मिशनरी निवडायचा, त्याचा पगार ठरवायचा, घर, शाळा आणि छापखाना यांचा खर्च मंजूर करायचा, हे सगळं बोस्टनमधून चाले. बोर्डाला पैसे देणारे म्हणजे न्यू इंग्लंडमधले शेतकरी, दुकानदार, पाद्री. त्यांच्या पैशाचा हिशेब ठेवायचा तर व्यवस्था हवीच. शिवाय माणसं मरत होती. १८२१ ते १८२६ या काळात न्यूएल, निकल्स, फ्रॉस्ट आणि हॉल असे चार जण गेले. तेव्हा हवेशीर बंगला, चांगलं पाणी, नोकरचाकर याला चैन म्हणून हिणवणं आज सोपं आहे; ज्याने आपलं मूल इथल्या मातीत पुरलं त्याला ते सांगायला जाऊ नये. पण बंगल्याबरोबर भिंत आली. बाहेरच्या माणसाच्या लेखी भिंतीच्या आतला तो ‘साहेब’ आणि त्याची बायको ‘मडम’ झाली. बाजारात उभा राहून तो गरीब सुताराच्या मुलाविषयी बोलायचा आणि ऐकणारा त्याच्या टांग्याकडे बघायचा.

जानेवारी १८४८मध्ये याच अमेरिकन मिशनमध्ये जॉर्ज बोवेन नावाचा माणूस दाखल झाला. जन्म १८१६चा, व्हरमाँटमधल्या मिडलबरीचा. बाप व्यापारी, मुलाने धंद्यात यावं अशी त्याची इच्छा. मुलगा पुस्तकांत, संगीतात आणि परदेशी भाषांत रमलेला, युरोप हिंडून आलेला. देवाधर्मावर त्याचा अजिबात विश्वास नव्हता. १८४४ साली त्याची वाग्दत्त वधू वारली. जाताना तिने आपलं बायबल त्याच्यासाठी ठेवलं होतं. तिच्याखातर तो ते वाचू लागला आणि त्याच वर्षी नास्तिकाचा ख्रिस्ती झाला. पुढे न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत शिकून तो थेट मुंबईला आला. अशा माणसाचा तोल एकदा एका बाजूला गेला की मधे थांबत नाही, असा माझा अनुभव आहे. बोवेनचंही तसंच झालं.

आल्यावर वर्षभरातच त्याला पगार खुपू लागला. आपण ज्यांच्यात राहायला आलो त्यांच्यासारखंच राहिलं नाही, तर आपलं बोलणं त्यांना पगारी बोलणं वाटणार, हा त्याचा मुद्दा. १८४९ साली त्याने मिशनचा पगार सोडला आणि बाजारातल्या एका लहानशा घरात बिऱ्हाड हलवलं. शिकवण्या करून पोटापुरतं मिळवायचं, उरलेला वेळ मराठीतून रस्त्यावर बोलायचं. सहकाऱ्यांनी ती वाट धरली नाही. त्यांना बायकामुलं होती आणि हा एकटा होता, हेही तितकंच खरं. पुढे ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राचं संपादन आणि ट्रॅक्ट सोसायटीचं काम त्याच्याकडे आलं. राहणी मात्र तशीच राहिली. १८८८ साली वारेपर्यंत, चाळीस वर्षांत, तो एकदाही मायदेशी गेला नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. पगार न घेता विश्वासावर जगणं म्हणजे पैशावाचून जगणं नव्हे. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलर अनाथालय चालवी तेव्हा तो कुणापुढे हात पसरत नसे, फक्त प्रार्थना करी. पण पैसे माणसांच्याच खिशातून येत. १८६५ साली हडसन टेलरने चीनसाठी जे मिशन काढलं त्यातही ठरलेला पगार नव्हता. बोवेन या दोघांहूनही साधा निघाला. त्याने शिकवणीचं काम धरलं आणि गरजाच कमी केल्या. मला ही तऱ्हा जास्त प्रामाणिक वाटते.

आता फाटकापलीकडच्या माणसाकडे वळू. प्रचाराच्या गोष्टींत तो बहुतेक वेळा मुका असतो. कुणीतरी येऊन आपल्याशी बोलेल याची वाट पाहणारा. मुंबईत तसं नव्हतं. बोवेनला खरा जोडीदार भेटला तो विरोधकांत. विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णू भिकाजी गोखले, जन्म १८२५, कुलाब्याकडच्या शिरवलीचे. कस्टम खात्यात त्यांची सरकारी नोकरी होती. ती त्यांनी ऐन तरुणपणी सोडली आणि सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन तप केलं. तिथून उतरल्यावर गावोगाव वैदिक धर्माची व्याख्यानं देत १८५६च्या सुमारास ते मुंबईत आले. तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहा: एक अमेरिकन मिशनचा पगार सोडून मुंबईच्या बाजारात शिरतो आहे, त्याच सुमारास एक कोकणी ब्राह्मण सरकारी पगार सोडून डोंगर चढतो आहे. दोघांना एकमेकांचा पत्ताही नाही.

१८५७च्या जानेवारीपासून मेपर्यंत हे दोघे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वाद घालत होते. बोवेनबरोबर इतर मिशनरीही असत. सभा उघड्यावर, वाद मराठीत, भोवती गर्दी. ख्रिस्ताचं देवत्व, प्रायश्चित्त, चमत्कार, वेदांचं प्रामाण्य असे विषय निघत. ज्या वाळूवर मिशनरी आपलं म्हणणं मांडायला येत तिथेच त्यांना प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत होती, आणि प्रश्न विचारणारा बायबल वाचून आलेला होता. किनाऱ्यावरच्या त्या माणसांना ‘साहेब पगारासाठी बोलतो’ असं बोवेनबद्दल म्हणता येत नव्हतं. विष्णुबुवांबद्दलही म्हणता येत नव्हतं. मग उरला तो निव्वळ वाद. इतक्या उघडपणे, इतके आठवडे धर्मावर बोलण्याची परवानगी एका शहराने दोन्ही बाजूंना दिली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. त्याच मे महिन्यात उत्तरेत उठाव पेटला, हे लक्षात घेतलं तर आणखीच.

बोवेनने या वादांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने काढला. मराठी पुस्तक ‘समुद्रकिनारीं वादविवाद’ १८७२ साली आलं. विष्णुबुवा त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. जिंकलं कोण, याचं उत्तर तुम्ही कोणतं पुस्तक हातात घेता त्यावर ठरतं. एवढं नक्की की किनाऱ्यावरच्या गर्दीतून बाप्तिस्म्यासाठी रांग लागली नाही. बोवेनच्या चरित्रकारांनीही त्याच्या हातून झालेल्या धर्मांतरांचा डंका वाजवलेला नाही, कारण वाजवण्याजोगं तिथे फारसं नव्हतं. बोर्डाच्या अहवालांच्या मापाने तो अपयशीच ठरेल. हॉल आणि न्यूएल यांनी तर १८१८ साली जगातल्या साठ कोटी लोकांसाठी किती मिशनरी लागतील याचं गणित मांडणारी पुस्तिकाच छापली होती. बाजारातल्या खोलीत राहणाऱ्या माणसाला त्या गणितात घालायचं तरी कुठे?

१८७१च्या सुमारास विल्यम टेलर हा मेथडिस्ट प्रचारक मुंबईत आला आणि बोवेन त्या पंथाला जाऊन मिळाला. टेलरचीही धारणा अशीच होती: मायदेशातून पगार मागवायचा नाही, इथल्या मंडळीनेच खर्च चालवायचा. ही कल्पना किती टिकली आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी म्यूलरकडून काय घेतलं, ते पुढच्या भागात.