मातीतून मॅटवर

सकाळचे सात वाजलेत आणि वजनकाट्यापुढे रांग लागली आहे. वरिष्ठ पुरुष गटाची मर्यादा 85 किलो. उजव्या कोपऱ्यात खेळणारा एक दांडगा गडी काट्यावर चढतो, आकडा बघतो आणि उतरून थेट मैदानाला चकरा मारायला लागतो. रात्रीपासून त्याने पाणीसुद्धा घोट-घोट मोजून घेतलंय. पोरं त्याच्या अंगावर दोन जाड जॅकेटं चढवतात. अर्ध्या तासाने तो पुन्हा काट्यावर येतो. पंच मान डोलावतात, आणि मंडळाचे प्रशिक्षक हातातला गार झालेला चहा एकदाचा तोंडाला लावतात.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कबड्डी अजिंक्यपद स्पर्धेचा दिवस असा उजाडतो. हीच जिल्ह्याची निवड चाचणी. गावोगावची क्रीडा मंडळं आपापला संघ घेऊन येतात आणि त्यांच्यातून राज्य स्पर्धेला जाणारा जिल्ह्याचा संघ निघतो. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, 14 तालुक्यांचा. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची पोरं जामखेडच्या पोरांपुढे उभी राहतात ती अशाच ठिकाणी.

मोसम सुरू होतो मात्र गावात, पाऊस उघडल्यावर. आधी मैदान उकरायचं, खडे वेचायचे, माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मग फक्कीने रेषा आखायच्या. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. हे सगळं करणारी पोरं दिवसा कांदा लागवडीला किंवा कामावर असतात. सराव संध्याकाळी, खांबावरच्या दिव्याच्या उजेडात.

या मातीवर अनवाणी पायाची बोटं रुततात. निदान रेषा ओलांडताना चढाईपटू पुढच्या पायाचा चवडा जमिनीवर किंचित घासतो, अंदाज घेतो, आणि कोपरारक्षक नेमका त्याच क्षणी घोट्यावर झेपावतो. 30 सेकंदांच्या चढाईत निकाल लावणारा क्षण एवढाच. पण मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. तिथे बूट लागतात, वळताना पाय वेगळा पडतो, घसरण्याचा हिशेबच बदलतो. वर्षभर मातीवर खेळलेल्या संघाची पहिली काही मिनिटं पाय जुळवण्यातच जातात, आणि बाद फेरीत तेवढ्यात एक लोण बसतो. गड्यांचं कसब कमी नसतं, मॅट नसते. प्रत्येक तालुक्याला सरावाची एक मॅट मिळालीच पाहिजे. खेळाडू घडवण्याचा भार मंडळांनी आपल्या खांद्यावर केव्हाच घेतलाय.

घडतात हे तर दिसलंच आहे. याच जिल्ह्याचा अस्लम इनामदार 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. अंतिम सामन्यात भारताने इराणला 33-29 असं हरवलं. पुढच्याच मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद घेतलं, आणि त्याच महिन्यात नगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. गावाकडच्या पोरांना मोठे खेळाडू टीव्हीवर दिसतात. त्या आठवड्यात ते नगरच्याच मैदानावर दिसले.

अंतिम सामना संपतो. जिंकलेलं मंडळ गुलाल उधळत असतं, पण बरेच डोळे निवड समितीच्या टेबलाकडे लागलेले असतात. यादीत हरलेल्या मंडळांचीही नावं येतात. पहिल्याच फेरीत बाहेर पडलेल्या संघातला एखादा डावा कोपराही.

मग सराव शिबिर. काल ज्याने घोटा धरून लोळवलं, तो आज उजव्या कोपऱ्यात उभा. ज्याला लोळवलं, तो त्याच्या शेजारी. दोघांच्याही कोपरांवर कालचेच ओरखडे आहेत. प्रशिक्षक साखळी करायला सांगतात. क्षणभर थांबून दोघे एकमेकांचे हात धरतात, आणि समोरून चढाई येते.