ओरखड्यापुरता रंग

1978 साली जपानच्या तायतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर रंग नव्हता. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके, आणि ते रंगीत वाटावेत म्हणून काचेमागे चिकटवलेल्या पारदर्शक रंगीत पट्ट्या, एवढीच सोय होती. अमेरिकेत हा खेळ परवान्यावर बनवणाऱ्या मिडवे कंपनीने कॅबिनेटच्या आत अर्धपारदर्शक आरसा बसवला. त्याच्यामागे चंद्रभूमीचे रंगवलेले चित्र होते. ठिपक्यांचे परग्रहवासी त्या आरशात उमटत आणि चंद्राच्या आकाशात तरंगल्यासारखे दिसत. पेटीच्या दोन्ही बाजूंवर केसाळ, भडक रंगांचे राक्षस होते. पडद्यावरच्या खेकड्यासारख्या आकृत्यांशी त्यांचे काडीचे साम्य नव्हते, आणि तेच त्यांचे काम होते. यंत्राला जे दाखवता येत नव्हते, ते रंगाऱ्याने पेटीवर काढून ठेवले होते. पुढच्याच वर्षी आलेल्या अटारीच्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये तर पडद्यावर नुसत्या प्रकाशाच्या रेघा होत्या. त्या रेघांचे धोंडे आणि अंतराळयान व्हायचे ते पेटीवरच्या चित्रामुळे. नाणे टाकणाऱ्याच्या मनातला खेळ अर्धा विजेवर चाले आणि अर्धा रंगावर.

म्हणून या पेट्यांवरच्या चित्राला सजावट म्हणणे मला चुकीचे वाटते. ते खेळाचेच अंग आहे. तरीही जतनाचा विचार करताना ते सहज बाजूला पडते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 साली 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस'सह 14 व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, पण दालनात मांडताना कॅबिनेट वगळले; भिंतीत पडदा आणि हाताशी कळ, एवढेच ठेवले. खेळाचा आराखडा, त्याची वागणूक दाखवायची असेल तर ही मांडणी समजण्यासारखी आहे. पण तिने जे गाळले, ते हौशी संग्राहकांच्या गॅरेजमध्ये उरले आहे, आणि तिथे त्याला वेगळा धोका आहे. पेटीवर चार ओरखडे दिसले की जुने चित्र खरवडून काढायचे आणि संगणकावर नव्याने काढलेले, चकचकीत छापलेले स्टिकर डकवायचे, ही तिथे रुळलेली वाट आहे. माझे म्हणणे याच्या विरुद्ध आहे. जुने चित्र धरून राहिले असेल तोवर ते काढू नये. ओरखड्यात भरेल तेवढाच रंग भरावा, आणि तोही उद्या काढता येईल असा.

हे का, ते समजायला ही चित्रे कशी छापली जात हे पाहावे लागते. यात ढोबळमानाने दोन जाती आहेत. मिडवेचा 'पॅक-मॅन', विल्यम्स कंपनीचे 'डिफेंडर' आणि 'रोबोट्रॉन' यांच्या बाजूंवर थेट रंग आहे. ट्रकच्या फाळक्यावर किंवा सरकारी जीपवर अक्षरे काढतात तसा स्टेन्सिल धरून, एकेका रंगाचा फवारा मारून ही चित्रे उठवली. अशा चित्राची कड जवळून पाहिली की किंचित धूसर दिसते, कारण रंग स्टेन्सिलच्या खाली थोडासा शिरलेला असतो. अटारीची पद्धत निराळी. त्यांच्या बहुतेक पेट्यांवर चिकट व्हिनाइलवर स्क्रीन प्रिंटिंगने छापलेले चित्र असे. आपल्याकडे लग्नपत्रिका वर्षानुवर्षे ज्या तंत्राने छापल्या गेल्या तेच हे तंत्र: चौकटीला ताणलेली जाळी, रंग ओढणारी रबराची पट्टी, आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट. नारिंगी रंग हवा असेल तर डब्यात नारिंगीच शाई कालवली जायची. आजच्या डिजिटल छपाईत तोच नारिंगी निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या सूक्ष्म ठिपक्यांतून बनतो. लांबून दोन्ही सारखे भासतात. भिंगाखाली एक सलग थर दिसतो आणि दुसरी ठिपक्यांची चाळण. शिवाय हाताने छापताना एखादी चौकट केसभर सरकते आणि दोन रंगांच्या मध्ये बारीक फट राहते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. नवे चित्र संगणकावर रेखाटणारा माणूस ही 'चूक' सरळ करून टाकतो. हातातल्या कामाची खूण तिथेच नाहीशी होते.

आता ओरखड्याकडे येऊ. या पेट्या दाटीवाटीने रांगेत उभ्या राहिल्या, हातगाडीवरून जिन्याने चढल्या-उतरल्या, दारांच्या चौकटींना घासल्या. ओरखडा वरवर एक पांढरी रेघ दिसते, पण त्याला खोली असते, आणि काम त्या खोलीवर ठरते. नुसती शाई खरवडली असेल तर खाली व्हिनाइलचा पांढरेपणा दिसतो. व्हिनाइल फाटले असेल तर गोंद, आणि त्याहून खोल गेले तर पार्टिकल बोर्डाचा भुसा. लाकडापर्यंत गेलेला खड्डा आधी भरून घ्यावा लागतो. डेंटिंग-पेंटिंगवाले गाडीच्या पत्र्याला लावतात तशी पुट्टी त्याला चालते, पण घासताना पॉलिश पेपर शेजारच्या धड रंगावर गेला तर एका ओरखड्याचे दहा होतात. त्याआधी सफाई. जुन्या गेम पार्लरमध्ये सिगारेटी चालत, त्यामुळे चित्रावर निकोटीनचा पिवळट थर बसलेला असतो, आणि तो न काढता रंग जुळवला तर आपण चित्राचा नव्हे, धुराचा रंग जुळवतो. मग ओरखड्याच्या आतल्या भागाला पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात, म्हणजे नवा रंग जुन्या थरात मुरत नाही. त्यावर बारीक ब्रशने, खोबणीच्या बाहेर न सांडता, एकावर एक पातळ हात. एकाच जाड हातात भरलेला रंग वाळल्यावर उंचवटा धरतो आणि तिरप्या प्रकाशात ओरखड्याहून वाईट दिसतो.

खरी परीक्षा रंग जुळवण्याची. अ‍ॅक्रिलिक रंग ओला असताना फिकट दिसतो, कारण त्यातला बंधक द्रव दुधट असतो. वाळला की तो पारदर्शक होतो आणि रंग गडद उतरतो. म्हणून ओल्या रंगावरून निकाल देता येत नाही. पारदर्शक फिल्मच्या तुकड्यावर ठिपका देऊन, तो वाळवून, फिल्म चित्रावर ठेवून पाहणे हा त्यावरचा साधा उपाय. जुळवायचे असते ते 1981 सालच्या डब्यातल्या शाईशी नाही, आज समोर उरलेल्या रंगाशी. ऊन आणि ट्यूबलाइट यांनी लाल आणि पिवळा बहुधा आधी उडतात. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या पेटीची खिडकीकडची बाजू फिकी पडते आणि शेजारणीला चिकटलेली बाजू ताजी राहते. एकाच पेटीच्या दोन बाजूंना त्यामुळे दोन वेगळे लाल लागू शकतात. त्यात आणखी एक फसगत आहे. दोन रंग एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्ये वेगळी असतात. खिडकीच्या उजेडात जुळवलेला निळा पार्लरच्या दिव्यात ओरडू लागतो. पेटी ज्या प्रकाशात पाहिली जाणार, त्याच प्रकाशात रंग जुळवावा. झिलईचेही तसेच. छटा बरोबर पण चकाकी वेगळी असेल, तर नजर नेमकी तिथे जाऊन अडते.

या सगळ्या खटाटोपावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही काही एकमेव कलाकृती नव्हे, कारखान्यातला माल आहे. एकट्या 'ॲस्टेरॉइड्स'च्या सुमारे 70,000 पेट्या बनल्या. मग एकीचे चित्र बदलले तर काय बिघडले? या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तरही त्याच्यातच आहे. हजारोंनी बनलेली वस्तू कुणी जपत नाही, म्हणून ती हजारोंनी नष्ट होते. 1983च्या सुमारास अमेरिकेतला हा धंदा कोसळला, तेव्हा पेट्या भंगारात गेल्या, किंवा त्यांच्यात नवा खेळ बसवून बाहेरून सरसकट काळा रंग मारला गेला. आक्षेप घेणारा म्हणेल की चित्राचा आराखडा तर सुरक्षित आहे. तेही काही अंशी खरे आहे. रॉचेस्टरच्या द स्ट्राँग या खेळांच्या संग्रहालयाने 2014 साली अटारीच्या आर्केड विभागाचा मोठा दस्तऐवज मिळवला. पण आराखडा टिकला म्हणून छापील प्रतीची गरज संपत नाही. उलट दोन्हींची तुलना करता येते. आराखड्यात चित्रकाराने काय मागितले ते कळते, आणि पेटीवर कारखान्याने काय दिले ते. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा फक्त त्या जुन्या शाईत आहे. ती उष्णतेने सैल करून ओढून काढली, की लाकडाचे धागेही तिच्याबरोबर येतात आणि मागे वळता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो मला जास्त विचार करायला लावतो. ओरखडासुद्धा इतिहासच आहे, मग त्याला तरी हात का लावायचा? इथे चेझारे ब्रांदी या इटालियन अभ्यासकाचा विचार कामाला येतो. 1939 साली रोममध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती जतनसंस्थेचा तो पहिला संचालक. त्याचा सिद्धान्तग्रंथ 1963 साली निघाला. चित्रातली तूट ही नुसती उणीव नसते, असे त्याचे म्हणणे. ती स्वतःच आकृती होऊन पुढे येते आणि उरलेल्या चित्राला मागे, पार्श्वभूमीत ढकलते. काळ्या आकाशावरची एक पांढरी चीर नेमके हेच करते; राक्षसाआधी चीर दिसते. म्हणून तूट शमवावी, पण फसवू नये. ब्रांदीच्या परंपरेत भित्तिचित्रांची तूट बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून ती मिटते, जवळून ओळखू येते. मिलिमीटरभर रुंदीच्या ओरखड्यात रेघा मारणे शक्य नाही, तेव्हा इथे तो प्रामाणिकपणा दुरुस्तीआधीच्या छायाचित्रांत आणि नोंदीत ठेवावा लागतो. शिवाय अतिनील दिव्याखाली नवा रंग बहुधा वेगळा पडतो. मात्र प्रत्येक खूण तूट नसते. कुणी किल्लीने आपली तीन अक्षरे कोरली असतील, आणि ती चित्राला छेदत नसतील, तर मी ती राहू देण्याच्या बाजूने आहे. अशा अनेक पेट्यांच्या पडद्यावर जास्त गुण मिळवणाऱ्याला तीन अक्षरे नोंदवता येत होती. बाहेर कोरलेली अक्षरे त्याच खेळाची आहेत.

उद्या काढता येईल असाच रंग हवा, हा आग्रह काहींना अतिरेकी वाटतो. त्यांनी अजिंठ्याकडे पाहावे. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना लेण्यांतली चित्रे सावरायला बोलावले. हेतू चांगला होता, हातही जाणकार होते, आणि पोपडे धरून ठेवण्याचे काम त्यांनी केलेही. पण चित्रांवर चढवलेली लाखेची झिलई काळाबरोबर पिवळी पडली, आणि ती उतरवण्याचे जिकिरीचे काम पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या माथी आले. अजिंठा कुठे आणि पार्लरमधली पेटी कुठे, हे मान्य. पण वॉर्निशला हा फरक कळत नाही. काळ्या भागातल्या ओरखड्यावर परमनंट मार्कर फिरवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक दुरुस्ती आहे. त्या शाईला काही काळाने जांभळट, तांबूस झाक येते, ती खालच्या थरात झिरपते आणि पुसायला गेले तर पसरते. संपूर्ण बाजूवर गाडीच्या रंगाचा कडक पारदर्शक थर मारणे त्याच जातीचे. त्याखाली धूळ, चुकलेली छटा, सगळे कायमचे बंद होते.

बदलणे कधीच योग्य नाही, असे मात्र मी म्हणत नाही. कंट्रोल पॅनलवरचे आवरण हे मुळात झिजण्यासाठीच होते. मनगटांनी ते पत्र्यापर्यंत घासले गेले असेल आणि कडा हाताला कापत असतील, तर तिथे नवे बसवावे आणि जुने गुंडाळून पेटीत ठेवावे. फरशी पुसण्याच्या पाण्याने पेटीचा तळ फुगून भुसा झाला असेल, तर तेवढी पट्टी कापून नवे लाकूड जोडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्या पट्टीवरचे चित्र नव्याने रंगवावेच लागते. चित्र मुळात शिल्लकच नसेल तर नवे छापील चित्र हा सरळ मार्ग आहे.

पण चित्र शिल्लक नाही, हा निष्कर्ष घाईने काढला जातो. काळ्या रंगाखाली दडलेल्या पेट्यांचे उदाहरण घ्या. स्क्रीन प्रिंटिंगची शाई कधी कधी वरच्या स्वस्त काळ्या रंगाहून चिवट निघते. सौम्य रंगउतारा तळहाताएवढ्या जागेवर लावून, थांबून, प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद ओढला, तर काळ्याखालून हिरवा आणि नारिंगी वर येतात. काळा रंग धरावा म्हणून तेव्हा कुणी पॉलिश पेपर फिरवलेला असेल, तर चित्रभर शेकडो समांतर चरेही सापडतात. ते सगळे भरायचे नसतात. चेहरे, बाह्यरेषा, अक्षरे यांतले चरे आधी, सपाट रंगातले नंतर, आणि दोन पावलांवरून न दिसणारे तसेच ठेवायचे. काम झाले की कोणत्या जागी कोणता रंग, कोणते वॉर्निश, कोणत्या द्रावकाने ते निघते आणि जुन्या शाईवर त्या द्रावकाची चाचणी कुठे घेतली, हे कागदावर लिहून तो कागद पेटीच्या आत, वायरिंगच्या नकाशाशेजारी ठेवायचा. मागचे दार उघडून नकाशा शोधणाऱ्या पुढच्या दुरुस्तीवाल्याच्या हाती तोही येतो.