'क्लाइम डाउन' म्हणजे पायउतार होणं नव्हे! मग नेमकं काय?

परभणी स्थानकात देवगिरी एक्स्प्रेस आली, गर्दीतून कसंबसं आत शिरता आलं आणि मुंबईतल्या मित्राला मेसेज गेला : 'आय क्लाइम्ड द ट्रेन.' मराठीत विचार केला तर यात काहीच चूक नाही, आपण गाडीत चढतोच. पण इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डब्याच्या टपावर चढलेला माणूस येतो. बस-रेल्वेसाठी इंग्रजीत 'गेट ऑन' म्हणतात, कार किंवा रिक्षासाठी 'गेट इन'.

ही चूक हसण्यावारी नेता येते. याच शब्दाची दुसरी चूक मात्र बातमीच फिरवून टाकते.

समजा, 'मिनिस्टर क्लाइम्स डाउन' असा मथळा आला. कुणीतरी घाईत त्याचं मराठी केलं, 'मंत्री पायउतार', आणि ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत राजीनाम्याची चर्चा सुरू होते आणि मंत्री मात्र खुर्चीतच असतात. कारण 'क्लाइम डाउन'मध्ये पद सोडलं जात नाही, सोडली जाते ती भूमिका. आधी जाहीरपणे ताणून धरायचं आणि मग दबाव वाढल्यावर नमतं घ्यायचं, असा त्याचा अर्थ. त्यात थोडी नामुष्की गृहीत आहे. गुपचूप विचार बदलला तर त्याला कुणी 'क्लाइम डाउन' म्हणणार नाही. वर्षभराच्या आंदोलनानंतर १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा केली. अशा माघारीसाठी इंग्रजी पत्रकारितेत 'क्लाइमडाउन' हे नामही वापरतात.

पण खाली 'चढणं' हा काय प्रकार आहे?

गोम इथेच आहे. मराठीत 'चढणं' म्हणजे वर जाणं, दिशा ठरलेली. खाली यायचं तर 'उतरणं' हे वेगळं क्रियापद आहे. इंग्रजी 'क्लाइम'मध्ये दिशेपेक्षा हातापायांची खटपट महत्त्वाची असते. परभणी जिल्हा तसा सपाट, डोंगर बघायचे तर जिंतूरकडे जावं लागतं. तिथल्या नेमगिरीवरून दगडांना धरत, पाय चाचपत खाली आलात तर ते 'क्लाइम डाउन'. रस्त्याने आरामात चालत आलात तर 'वॉक डाउन'. म्हणूनच इंग्रजीत अंथरुणात, कुंपणावरून, खिडकीतून, सगळीकडे 'क्लाइम' करता येतं. मागे 'इन्टू', 'ओव्हर', 'आउट ऑफ' असा शेपटीसारखा छोटा शब्द लागतो आणि दिशा तो सांगतो. (जाता जाता, शेवटचा 'बी' उच्चारायचा नाही. 'क्लाइम' हा 'टाइम'सारखाच.)

'क्लाइम आउट ऑफ डेट'चं उदाहरण घ्या. 'डेट' म्हणजे कर्ज. आपल्याकडे कर्ज डोक्यावर चढतं, म्हणजे कर्ज हे ओझं. इंग्रजीत मात्र माणूसच कर्जातून वर चढून येतो, म्हणजे कर्ज हा खड्डा. पीककर्ज थकलेल्या शेतकऱ्याला दोन्ही चित्रं पटतील, पण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं तर दोन्ही विचित्र वाटतात.

काही ठिकाणी दोन्ही भाषा जुळतात. मानवतच्या बाजारात कापसाचे भाव चढले की इंग्रजीतही 'प्रायसेस क्लाइम'. पण भाव उतरले तर 'क्लाइम डाउन' नाही, तेव्हा 'फॉल' किंवा 'कम डाउन'. भावाला कुठली आलीय नामुष्की!

'क्लाइम ऑन द बँडवॅगन' हा प्रयोगही बातम्यांत दिसतो. बँडवॅगन म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी सर्कशीच्या मिरवणुकीतली वाजंत्र्यांची गाडी. पुढे ती राजकीय मिरवणुकांतही आली. ज्याची चलती त्याच्या गाडीवर उडी मारायची, म्हणजे साधारण आपलं वाहत्या गंगेत हात धुणं. 'क्लाइमिंग द वॉल्स'मध्ये मात्र कुणी भिंतीवर चढत नाही. घरात कोंडून जीव मेटाकुटीला येणं म्हणजे ते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बहुतेकांनी याचा अनुभव घेतलाय.

उलट बाजूने गेलं तरी असेच घोटाळे होतात. मराठीत ताप चढतो, नशा चढते, आवाज चढतो, नवरदेव बोहल्यावर चढतो आणि भांडण कोर्टाची पायरी चढतं. नवरदेवासाठी 'क्लाइम' वापरलात तर इंग्रजी वाचणारा शिडी शोधेल.

आणि हरभऱ्याचं झाड? रब्बीत परभणीच्या काळ्या रानात हिंडलेल्यांना ते माहीतच आहे, जेमतेम गुडघ्याएवढं. हार्वेस्टरने काढता यावा म्हणून आता थोडे उंच वाणही आलेत, पण माणूस चढेल असं त्यात काही नाही. त्यावर एखाद्याला चढवायचं, म्हणजे खोटी स्तुती करून फुगवायचं. यासाठी इंग्रजीत 'क्लाइम' चालत नाही. तिथे माणसाला लोणी लावतात, 'बटर अप'.