वाळूवरचें राष्ट्र

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु पॅसिफिक महासागरांतील तुवालू हें संबंध राष्ट्रच वाळूवर वसलें आहे. समुद्र चढत असतां तेथील लोक टिकावेत कसे, याचा शोध शास्त्रज्ञ करीत आहेत.

ही वाळू पोंवळ्यांच्या व शिंपल्यांच्या चुऱ्याची असून लाटा ती बेटांवर आणून टाकितात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत तेथील १०१ बेटांचीं १९७१ ते २०१४ पर्यंतचीं चित्रें ताडून पाहिलीं. कांहीं बेटें झिजलीं होतीं, तरी एकंदर भूमि २.९ टक्के वाढली होती. तात्पर्य, जिवंत पोंवळीं हींच या बेटांची तटबंदी व कोठार होत. समुद्र फार तापला कीं तीं पांढरीं पडून मरतात.

दुसरें संकट पाण्याचें. पावसाचें गोडें पाणी जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर तरंगतें. तेथवर खड्डे खणून लोक पुलाका नांवाचा अळूच्या जातीचा कंद पिकवितात. भरतीचें पाणी आंत शिरलें कीं तो कुजतो. म्हणून टाक्यांत पाणी सांठविणें, क्षार सोसणारे वाण शोधणें, असे उपाय चालू आहेत. फुनाफुति येथें २०२३ पर्यंत सुमारें ७ हेक्टर उंच भूमि समुद्रांत भर घालून तयार झाली.

दृष्टांतांतील मनुष्य मूर्ख होता. तुवालूचे लोक तसे नव्हेत. समुद्र तापविणारा धूर बहुतांशीं दूरच्या देशांतील गिरण्यांचा व मोटारींचा आहे. तेव्हां आपला शेजारी कोण, हा प्रश्न आम्हां सर्वांनाच आहे.